गुडघ्यांचे खळगे

रोझीमावशी नसती तर मी कन्फेशनला, फादरपुढे पापं कबूल करायला, कधी गेलेच नसते. आम्ही दोघी मूळच्या वसईच्या; इथे लांब, नागपूरच्या ज्या हॉस्पिटलात मी आया आहे, तिथेच ती कपडे धुते. दर महिन्याला एका शनिवारी ती मला चर्चमध्ये नेते.

मला फार भीती वाटते. शाळा सातवीत सुटली, बोलायला शब्द सापडत नाहीत. त्यात फादर रोज वॉर्डात येतात, कन्फेशनच्या खोक्यातल्या जाळीआडूनही माझा आवाज ओळखतीलच. आणि या खेपेला सांगायचं होतं की, अंथरूण ओलं केलं म्हणून मी वॉर्डातल्या एका म्हातारीचा हात पिरगाळला.

"मावशी, पुढच्या महिन्यात सांगते," रांगेतच मी म्हटलं.

"मागेही हेच म्हणालीस. हो पुढे! फादर काय खातात तुला?"

गुडघे टेकताना नजर खाली गेली. फळीवर दोन गुळगुळीत खळगे पडले होते. किती जण इथे टेकले असतील, शिकलेसवरलेलेसुद्धा! त्यांनाही अशीच भीती वाटली असेल का? ती फळी माणसांच्या भीतीनेच झिजली असावी. माझे गुडघे त्यात नीट बसले.

सगळं सांगितलं. फादरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजच तिची माफी माग."

"तिने नाही केलं माफ, तर?" बाहेर येऊन मी मावशीला विचारलं.

"चल, मी येते बरोबर."

मावशीला मूलबाळ नाही. कधी ती अंथरुणाला खिळली, तर तिचं सगळं मी करीन, आणि हात हलका ठेवीन.