रंगराव कंट्रोलरचं इंग्रजी घड्याळ

सुलतानपुरात घड्याळं घरोघरी होती, पण टाइम एकट्या रंगरावांकडेच असायचा. उभी हयात एस.टी.त कंट्रोलर म्हणून काढलेली. लाउडस्पीकरवरून त्यांनी इतक्या गाड्या सोडल्या होत्या, की रिटायर होऊन गावी आल्यावरही लोकांनी त्यांना ड्यूटीवरून उतरू दिलं नाही. घर स्टॉपच्या वाटेवर, खिडकी रस्त्याला लागून. जाणारा-येणारा हटकायचा, "रंगराव, किती वाजले?" रंगराव डाव्या हाताला एक झटका देऊन मनगट डोळ्यांपुढं आणायचे आणि सांगायचे, "पावणेदहा. अकोल्याची येईलच आता." गाडी आली नाही, तर लोक गाडीला शिव्या घालायचे. रंगरावांना नाही.

खरी गोष्ट अशी, की मनगटावरचं ते घड्याळ रंगरावांना बऱ्याच दिवसांपासून दिसत नव्हतं. शुगरनं डोळे पोखरले होते. उजेड कळायचा, दारात उभा राहिलेल्या माणसाचा आकार कळायचा, काटे मात्र गेले ते गेलेच. दुसऱ्या कोणाला अशा वेळी दुःख झालं असतं. रंगरावांना लाज वाटली. कंट्रोलरला काटे दिसत नाहीत म्हणजे न्हाव्याचा हात थरथरायला लागल्यासारखंच. कळलं की गिऱ्हाईक उठून जाणार. म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शाळेची घंटा, पिठाच्या गिरणीची धडधड, दूधवाल्याच्या कॅनचा खडखडाट, असं सगळं कानानं जमा करून ते टाइम सांगायचे. मनगट नुसतं नाटकाला. आणि नवल म्हणजे टाइम पाच-दहा मिनिटांच्या वर चुकायचा नाही.

घरात सून होती, आशा. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. आशानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि घरीच लोकांचे अर्ज, बायोडाटा टाइप करून द्यायची. कॉम्प्युटरवर तिनं विणलेलं झाकण घातलं होतं, टीव्हीवर घालतात तसं. एकदा कुठल्याशा मासिकाबरोबर फुकटची सीडी आली, तीत बोलणारं घड्याळ निघालं.

"मामाजी, जरा बसा इथं," ती म्हणाली. "मले टायपिंग करता करता वर पाह्यनं होत नाही. हे घड्याळ बसवून राह्यली. आवाज येते का, ते सांगा."

"येत नाही."

"अजून चालू कुठी केलं?"

चालू केल्यावरही आलाच नाही. आशानं खटपट करून पाहिली, सीडी पुसून पाहिली, शेवटी टेबलाखाली शिरली. स्पीकरची पिन माइकच्या भोकात बसली होती. ती काढून जागेवर लावली, तर एक बाप्या एकदम खेकसला. भाषा कळेना.

"हा काऊन रागावला?" रंगराव म्हणाले. "याची गाडी चुकली का?"

"थांबा, भाषा निवडा लागते. लय भाषा हायेत याच्यात."

मग एक बाई गाणं म्हटल्यासारखं काही बोलली. मग एकजण सर्दी झाल्यासारखा. रंगरावांना मजा वाटायला लागली. स्टँडवर बसल्यासारखं, नाना देशांचे पॅसेंजर चौकशीला आलेले. त्यानंतर हिंदी लागली, आणि मग अगदी शहरी मराठीत एक बाई म्हणाली, "साडेएक वाजले."



"साडेएक?" रंगराव म्हणाले. "कोण्या शाळेत शिकली ही?"

आशा तोंडाला पदर लावून हसत होती. "बाहेरच्या लोकायनं बनवलं, मामाजी. त्यायले दीड काय ठाऊक."

रंगरावही हसणार होते. तेवढ्यात रस्त्यावरून कडूबाचा आवाज आला. कडूबा म्हणजे समोरचा शेजारी, वांगी-मिरच्या करणारा आणि दुसऱ्याच्या घरात कान ठेवणारा. "रंगराव, घरात कोण बाई टाइम सांगते? तुमची नोकरी खाते का काय ती?"

रंगरावांचं हसू जागच्या जागी विरलं. ही बाई अशी मोठ्यानं बोलायला लागली, तर गावाला आपली गरजच काय? आणि आपण तिचं ऐकून सांगतो, हे कळलं तर?

"मराठी काढ," ते हळू आवाजात म्हणाले. "इंग्रजी लाव."

"काऊन?"

"मराठी बिघडवते हे. आपल्याले जमणार नाही."

आशानं त्यांच्याकडं पाहिलं आणि आणखी काही न विचारता इंग्रजी लावलं. इंग्रजी आकडे रंगरावांना पाठच होते, एस.टी.चा टाइम चोवीस तासांचा, आणि हे घड्याळही चोवीस तासांचंच बोलायचं. मग आशा म्हणाली, टेबल खिडकीशी सरकवते, इथं उजेड चांगला येते. शिवाय की-बोर्डवरची लांब पट्टी दाबली की घड्याळ बोलेल, आणि कॉम्प्युटर चालू केला की आपोआप सुरू होईल, असं तिनं करून ठेवलं. सगळं स्वतःसाठी. रंगरावांना वाटलं, चला, आयतंच साधलं.

त्या दिवसापासून थाट वाढला. रस्त्यावरून कोणी विचारलं, की रंगराव एका हातानं पट्टी दाबत. आत कोणीतरी म्हणे, "फोर्टीन फिफ्टीन." रंगराव दुसरं मनगट डोळ्यांपुढं धरत आणि सांगत, "सव्वादोन." कडूबानं गावभर केलं, की कंट्रोलर हल्ली इंग्रजी बातम्या ऐकतात. रंगरावांनी नाही म्हटलं नाही. कानांना मात्र त्यांनी सुट्टी देऊन टाकली. आयुष्यभर दुसऱ्यांना टाइम देणारा माणूस दुसऱ्याच्या टाइमावर निवांत झाला.

ते भारनियमनाचे दिवस होते. एका रविवारी लाईट सकाळी गेली ती दुपारी आली. गिरणी बंद, शाळा बंद, आशा बाजारात. रंगरावांनी कॉम्प्युटरचं बटण दाबून ठेवलं होतं. तेवढ्यात खिडकीशी झुंबरबाई आली. मागच्या आळीची, भाजी विकणारी, घरात एकटीच राहणारी. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"रंगराव भाऊ, बुलढाण्याची गाडी गेली का हो? बहीण गेली माही, रोहिणखेडची. दिवस मावळाच्या आत माती हाय म्हणते."

या बहिणीला भाऊ नव्हता, आई-बाप कधीचेच गेलेले. तिचं माहेर म्हणजे एकटी झुंबरबाई. आणि सवाशीण गेली, तर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. दीडची गाडी सापडली तर ते चिता पेटायच्या आत पोचणार, नाहीतर नाही.

रंगरावांनी पट्टी दाबली. "ट्वेल्व फिफ्टीन," आतून आवाज आला.

मनगट डोळ्यांपुढं गेलं. "सव्वाबारा. लय टाइम हाय, बाई. घरी जा, पोटात दोन घास घाल. लुगडं नीट पाहून घे. घाईत काही राहाले नको."

झुंबरबाई अर्ध्या वाटेवरून परत घरी गेली.

आशा बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि कॉम्प्युटरपाशी थबकली. "अगोबाई, हा त तासभर मागं चालून राह्यला. आतली सेल उतरली वाटते. लाईट गेली की घड्याळ रेंगाळते मंग."

"आता किती वाजले?" रंगरावांनी विचारलं.

"दोन वाजून गेले, मामाजी."

स्टॉपवर जाऊन सांगावं, तर गाडी गेलेली. आणि सांगायचं तरी काय? ते खिडकीकडं पाठ करून बसले. संध्याकाळी जेवले नाहीत. शुगर वाढली म्हणाले.

झुंबरबाई दुसऱ्या दिवशी परत आली. नंतरच्या गाडीनं ती पोचली तेव्हा चिता विझत आली होती. कडूबा तिला घेऊन थेट रंगरावांच्या घरी आला. झुंबरबाई दाराशी टेकली. मांडीवर पिशवी, पिशवीत ते लुगडं.

"डेपोत चला रंगराव," कडूबा म्हणाला. "तुम्ही सव्वाबारा सांगितलं. ही घरी जाऊन अर्ध्या-पाऊण तासात स्टॉपवर. अन् गाडी गेलेली! डायवरनं टाइमाच्या आधी काढली. त्याले घरी बसवल्याशिवाय सोडाचं नाही."

"इतक्या आधी जाते का गाडी कुठी?" आशा हळूच म्हणाली.

"मंग काय रंगराव चुकले?"

झुंबरबाई खाली पाहत म्हणाली, "दुकानातलं नेसवलं तिले. म्हणे माहेरचं कोणी आलंच नाही."

रंगरावांना तो ड्रायव्हर डोळ्यांपुढं दिसला. नाव माहीत नव्हतं, पण असे कितीतरी त्यांनी टाइमावर सोडले होते. गाडी टाइमावर काढली म्हणून घरी बसणार होता तो. त्यांनी डावा हात पुढं केला. डोळ्यांपुढं नाही, कडूबापुढं.

"कडूबा, पाह्य बरं किती वाजले."

"तुमच्याच तं हातात हाय."

"म्हणूनच तुले म्हणतो. मले दिसत नाही. लय दिवस झाले."

कडूबाला वाटलं, थट्टा आहे. मग वाटलं, नाही. रंगरावांनी पट्टी, इंग्रजी, उतरलेली सेल, सगळं सांगितलं. लाउडस्पीकरवर सांगायचे तसं सरळ, एकेक स्टॉप घेत.

"म्हणजे त्या बातम्या..." कडूबा म्हणाला.

"बातम्या नव्हत्या त्या."

झुंबरबाई उठली. पिशवी काखेत घेतली. "दिसत नव्हतं त सांगाचं होतं, भाऊ," ती म्हणाली. "मी दुसऱ्या कोणाले इचारलं असतं." आणि गेली. शिव्या दिल्या असत्या, तर रंगरावांना बरं वाटलं असतं.

कडूबाही चप्पल घालून निघाला. घरात दोघंच राहिली.

"मले ठाऊक होतं, मामाजी," आशा म्हणाली. "दिवाळीत तुम्ही उलटं घड्याळ बांधून फिरत होते. तुमाले अवघडल्यासारखं होईल, म्हणून बोलली नाही. घड्याळ म्हणूनच बसवलं."

रंगरावांनी कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं. म्हणाले, "नवी सेल आण. अन् मराठी लाव. आवाज पुरा सोड."

"ती साडेएक म्हणते, मामाजी."

"म्हणू दे."

आता रस्त्यावर पाऊल वाजलं, की रंगरावांचा हात सवयीनं उठतो, आणि ते तो मांडीखाली दाबून ठेवतात. टाइम कोणी विचारत नाही; खिडकीतून ऐकू येतोच. परवा दुपारी ओळखीच्या वहाणा खिडकीशी थांबल्या. रंगरावांनी मान खाली घातली. घड्याळ मोठ्यानं म्हणालं, "साडेएक वाजले." दूर बुलढाण्याच्या गाडीचा भोंगा वाजला.

"दीड म्हण माय, दीड," झुंबरबाई खिडकीतून यंत्राला म्हणाली, आणि रंगरावांशी काहीच न बोलता पुढं गेली.