कवरातली चिठ्ठी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या वर्षाची पहिली उपासना संपली की पाळकबाई स्टीलचा डबा घेऊन दाराशी उभ्या राहतात. डब्यात चिठ्ठ्या असतात. ज्याला जे मागायचं असेल ते त्याने आदल्या आठवड्यात एका ओळीत लिहून टाकायचं, नावासकट. घरी जाताना प्रत्येक बाईने एक चिठ्ठी उचलायची आणि त्या माणसासाठी वर्षभर रोज देवाजवळ विनवणी करायची. वर्षाच्या शेवटच्या रविवारी चिठ्ठी परत डब्यात. मागणं पुरं झालं असेल तर पाळकबाई ती फाडतात. नसेल, तर तीच चिठ्ठी नव्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या हाती जाते.

मी शाळेत शिकवते आणि मला प्रार्थना फार चांगली करता येते. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोळ तिथूनच आहे. गुरुवारी दुपारी महिलांची सभा भरते तेव्हा शेवटची प्रार्थना बहुतेक माझ्याकडे असते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे बायबलचं वचन घालायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण जमतं. बाया डोळे पुसतात. माझे डोळे मिटलेले असतात, तरी त्या पुसतात हे मला माहीत असतं. यावरून काय ते समजा.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हाती जी चिठ्ठी आली ती खापर गावाच्या पलीकडून, डोंगराकडून आलेल्या एका बाईची होती. तिशी-बत्तिशीची, हडकुळी, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला. शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत घालतात, तिला आम्ही पथारी म्हणतो. तिथे ती दिवसभर मिरचीचे देठ मोडायची. एक मुलगी होती. नवरा त्याच्या दोन वर्षं आधी ऊसतोडीला गुजरातेत गेला तो परत आलाच नव्हता. टोळीतली माणसं आली आणि सांगून गेली की कामावर त्याच्या हाताला दुखापत झाली, दोन बोटं गेली, आणि मग तो कुणालाही न सांगता कुठेतरी निघून गेला. चिठ्ठीवर त्याचं नाव होतं आणि पुढे ‘घरी यावा’ एवढंच. अक्षर पाळकबाईंचं. तिला लिहिता येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ती नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. आमच्याकडे अजून पुष्कळ बाया घेत नाहीत. ‘आमनी पोरना बाप’ म्हणायची. पाळकबाईंना चिठ्ठी सांगतानासुद्धा तिने मुलीला पुढे करून तिच्याकडून नाव वदवलं होतं. आणि नवरा काही मंडळीतला नव्हता, तो त्यांच्या डोंगरातल्या देवांना मानणारा, त्यामुळे आमच्या कुठल्याही वहीत त्याची नोंद नव्हती.

चिठ्ठी माझ्या हाती आली हे कळल्यावर ती खूश झाली.

“बेस झायं बाई,” ती म्हणाली. “मन्ही प्रार्थना दोन शब्दनी ऱ्हास. तुमनी पुस्तकसारखी शे. देव तुमनं पह्यलं ऐकी.”

घरी ती भिलीत बोलायची, माझ्याशी अशी अहिराणीत. मी तिला वरकरणी समजावलं की देव शब्द मोजत नाही. पण आतून गुदगुल्या झाल्या. माझ्या मोबाईलला तेव्हा पारदर्शक कवर होतं. चिठ्ठी मी त्यात मागच्या बाजूला सरकवली आणि तिला दाखवली. म्हटलं, बघ, दिवसातून शंभरदा डोळ्यांसमोर येईल. तिने मोबाईल हातात घेतला, चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि परत दिला.

पहिले तीन आठवडे मी खरंच रोज प्रार्थना केली. चौथ्या आठवड्यात शाळेची तपासणी आली. एक दिवस राहिला, मग दोन. मग असं झालं की चिठ्ठी डोळ्यांसमोर यायची आणि मी ती बाजू खाली करून मोबाईल ठेवायची. चार दिवस चुकल्यावर पाचव्या दिवशी देवासमोर काय तोंड घेऊन बसायचं, याचीच लाज वाटू लागली, आणि त्या लाजेपायी सहावा दिवसही गेला. माझ्या वर्गातली गृहपाठ न केलेली मुलं शाळेलाच येत नाहीत. त्यांच्या घरी निरोप पाठवणारी मी.

होळीच्या सुमारास कवर पिवळं पडलं होतं. स्टेशनजवळच्या टपरीवर मी फुलाफुलांचं नवं घेतलं, जुनं तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मंगळवार होता. चिठ्ठी जुन्या कवरात गेली हे मला पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी उमगलं. मधले नऊ दिवस ती कुठे आहे हा विचारसुद्धा मला शिवला नव्हता. मी धावत टपरीवर गेले. तिथे आता काय असणार?

आणि नाव आठवेना. वर्गातल्या पन्नास पोरांची नावं आईबापांसकट पाठ असलेल्या मला ते एक नाव आठवेना. पाळकबाईंना विचारता आलं असतं. चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती, त्यांच्या लक्षात असतं. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं, आणि गुरुवारची शेवटची प्रार्थना माझ्याकडे. मी मनाची समजूत घातली की देवाला नाव ठाऊक आहे. ते खरंच आहे. पण तेवढ्याच्या आधारावर मी पूर्ण सुटी घेतली.

दर गुरुवारी पाळकबाई विचारतात, “चिठ्ठ्या चालू आहेत ना?” आणि सगळ्या हात वर करतात. मी करायची. सभा सुटल्यावर ती बाई दाराशी थांबायची. मिरचीचा ठसका तिच्या लुगड्याला असायचा, त्यामुळे ती जवळ आली की मला आधी शिंक यायची.

“बाई, चालू शे ना?”

“रोज,” मी म्हणायची.

श्रावणात एका रविवारी तिने साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, हात वर केला. कधी न बोलणारी बाई पुढे जाऊन उभी राहिली. नवऱ्याचा फोन आला होता. दुसऱ्या कुणाच्या नंबरावरून, एक मिनिटभर. जिवंत आहे, एवढं बोलून त्याने ठेवला होता.

“हाई बाईस्नी प्रार्थनामुळे व्हयनं,” ती माझ्याकडे हात करून म्हणाली. “बाईस्नी एक दिन खाडा नही कया.”

सगळी मंडळी मागे वळली. कुणी ‘आमेन’ म्हटलं, शेजारच्या म्हातारीने माझा हात दाबला. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला. त्यानंतर बाया मला वाटेत गाठून त्यांच्या अडचणी सांगू लागल्या, तुमची प्रार्थना पोचते म्हणून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी झाले होते. मी कुणालाही नाही म्हटलं नाही. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

डिसेंबर आला. नवरा आलेला नव्हता, फोनही पुन्हा आला नव्हता. शेवटचा रविवार जवळ आला आणि डब्यात टाकायला माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. मग मी काय केलं ते ऐका. वहीचा चौकोन फाडला, चार घड्या घातल्या, उलगडून कोऱ्या चहात बुडवला आणि खिडकीत वाळत ठेवला. वर्षभर हाताळल्यासारखा दिसावा म्हणून. मुलांनी आईच्या सह्या मारलेल्या मी लांबून ओळखते, पंचवीस वर्षं तेच केलं. त्या खिडकीपाशी मी स्वतःच उभी राहून कागद वाळतोय का बघत होते.

वाळल्यावर हातात घेतला आणि मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. कागद कोरा होता. नाव नव्हतंच लिहायला. घडी घालून टाकला असता तर त्या दिवशी कुणी उघडून पाहिलाही नसता. पण नव्या वर्षी डब्यातून जिच्या हाती आला असता, तिला काय मिळालं असतं? त्या माणसाला घरी आणण्यासाठी आमच्या मंडळीकडे तेवढी एक चिठ्ठी होती. माझं पितळ झाकायला मी त्याचं नावच पुसून टाकणार होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिक्षा करून पथारीवर गेले. नाकाला पदर लावला तरी ठसका लागायचा तो लागलाच. ती ढिगाशी बसून देठ मोडत होती. मला पाहून तिने पोतं झटकून पुढे सारलं. मी बसले. हात रिकामे ठेवून बोलायचा धीर होईना, म्हणून मीही मिरच्या उचलल्या. तिच्या चार होईपर्यंत माझी एक होत होती.

“तुझी चिठ्ठी माझ्याकडे नाही,” मी म्हटलं. “होळीलाच हरवली. होती तेव्हाही मी रोज प्रार्थना करत नव्हते. तुला वर्षभर खोटं सांगितलं.”

तिचे हात थांबले नाहीत.

“माले ठाऊक शे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तुमना मोबाईलले फुलेसनं कवर उनं, तव्हयपाशी.”

नऊ महिने. नऊ महिने ती दर गुरुवारी दाराशी थांबून विचारत होती आणि मी तिच्या तोंडावर ‘रोज’ म्हणत होते. मी ती चहात बुडवलेली चिठ्ठीही काढून तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, होऊनच जाऊ दे सगळं. तिने उचलून वास घेतला आणि पहिल्यांदाच हसली. मला रडू यायला लागलं. डोळे पुसायला हात वर नेला तर तिने मनगट धरलं.

“हात डोयाले लावू नका बाई. मिरची शे.”

म्हणून मी तशीच बसून राहिले, पाणी गळत. विचारलं, “मग साक्षीला माझं नाव का घेतलंस?”

“मंग काय सांगू? बाई कईच करत नही, आसं? तुम्ही लाजीसन येनंच बंद करी देतात. मी म्हनं, इतलं ऐकीसन तरी बाई सुरू करतीन.” थोडा वेळ ती देठ मोडत राहिली. “मी तुमनं नाव रोज लेस ना. सकायले पानी भरतांना. आगोदर पोरना बापसाठे मांगस, मंग तुमनासाठे.”

“माझ्यासाठी काय मागतेस?”

“काय नही. देवा, बाईस्ले आठवू दे. इतलंच.”

दोन शब्दांची तिची प्रार्थना. मी माझ्या लांबलचक प्रार्थनांमध्ये तिचं नाव कधी घेतलं होतं का, हे आठवून पाहिलं. नव्हतं घेतलं. मी तिच्याकडे उपकार केल्यासारखी बघत होते, आणि त्या वर्षभरात आमच्या दोघींपैकी मध्यस्थी करणारी एकच होती.

“पोरना बाप बी लाजस,” ती म्हणाली. “हातना दोन बोटे गयात ना त्यास्ना. कसं तोंड दखाडू, आसं व्हस त्यास्ले. लाजनारा मानूस येस बाई. पन येळ लावस.”

मग मी मुख्य मुद्द्यावर आले. म्हटलं, मला त्याचं नाव पाहिजे. मुलीला बोलाव, तिच्याकडून ऐकते. मुलगी घरी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. जवळपास दुसऱ्या बाया होत्या, पण त्या आपापल्या ढिगाशी. तिने मिरच्या खाली ठेवल्या, पदर डोक्यावरून पुढे ओढला, जमिनीकडे पाहिलं आणि नाव घेतलं. एकदाच, हळू. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नाव घेऊन झाल्यावर तिचा चेहरा लाल झाला आणि ती पुन्हा कामाला लागली.

पुढच्या गुरुवारी पाळकबाईंनी विचारलं, चिठ्ठ्या चालू आहेत ना. मी हात वर केला नाही. पाळकबाईंना वाटलं माझं लक्ष नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मी उभी राहून सांगितलं, चिठ्ठी हरवली, प्रार्थनाही केली नाही, आणि फोन आला त्यात माझं काही नव्हतं. दोघी-तिघींचे वर गेलेले हात अर्ध्यावर आले, तेही मी पाहिलं. शेवटची प्रार्थना त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी केली आणि बरी केली.

शेवटच्या रविवारी मी पांढऱ्या कागदावर ते नाव लिहून डब्यात टाकलं. नव्या वर्षी ती चिठ्ठी कुणाकडे गेली मला माहीत नाही. नवरा अजून आलेला नाही. अधूनमधून त्याचा फोन येतो, आता दोन-तीन मिनिटं बोलतो, मुलीची शाळा विचारतो. मीही त्याचं नाव सोडलेलं नाही. रोज जमतं असं म्हणणार नाही; खोटं बोलायची हौस फिटली आहे. एखादा दिवस चुकतो. पण दुसऱ्या दिवशी, सकाळी चहाचं आधण ठेवताना, काही कारण नसताना ते नाव अचानक आठवतं. त्या वेळेला पथारीजवळच्या नळावर ती पाणी भरत असते.