दगडावर आजोबांचं नाव

थापा मारण्यात आमच्या वर्गात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ही थाप नव्हती, आईशप्पथ. सातवीची सहल ठाण्याला युद्धस्मारक बघायला जाणार असं बाईंनी सांगितलं आणि मी ताडकन उभी राहिले, "बाई, तिथे माझ्या आजोबांचं नाव कोरलंय!"

आजोबा खरंच फौजेत होते, लढाईवर जाऊन आलेले. आणि आमच्या डोंबिवलीत बाकड्यावर नाव, बसस्टॉपवर नाव, देवळाला पंखा दिला की पंख्याच्या पात्यावर नाव. नाक्यावरच्या मुतारीच्या पाटीवर तर सात जणांची नावं. मग लढाईला गेलेल्या माणसाचं नाव स्मारकावर नसेल? माझं डोकं एवढंच चाललं.

माझ्या बाकावरची मैत्रीण, मैत्रीण कसली, वैरीण, लगेच म्हणाली, "नसलं तर सगळ्यांसमोर कान धरून दहा उठाबशा काढायच्या."

"काढीन की!"

घरी विचारायची सोय नव्हती. फौजेचा विषय निघाला की आजोबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. सहलीच्या दिवशी बस शीळफाट्याला तासभर अडकली. पोरं अंताक्षरी खेळत होती आणि मी मनातल्या मनात उठाबशा मोजत होते. नसलंच तर?

उतरल्या उतरल्या मी भिंतीकडे पळाले. काळा दगड, त्यावर नावांच्या रांगा. तिसऱ्या रांगेत सापडलं! आजोबांचं नाव, आडनाव, अगदी तस्संच. मधलं वडिलांचं नाव तिथे कुणाचंच नव्हतं. मी अशी काही किंचाळले की पहारेकरी धावत आला. वैरिणीचं तोंड एवढंसं झालं.

बाईंच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "कधी बोलली नाहीस गं बाळा." मग सगळ्या वर्गाला रांगेत उभं करून माझ्या आजोबांसाठी दोन मिनिटं शांतता. मी एक डोळा किलकिला करून भिंतीच्या वरची ओळ वाचली. देशासाठी प्राण दिलेले वीर. अगं बाई! आजोबा तर मी निघाले तेव्हा गॅलरीत बनियन वाळत घालत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं, कळतं मला. पण वैरिणीने परतीच्या प्रवासात स्वतःची खिडकीची जागा दिली, वर चिवड्याचं अख्खं पाकीट. मी बसले आणि खाल्लं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

संध्याकाळी बस आमच्या बिल्डिंगसमोर थांबली आणि बाई माझ्यामागून उतरल्या. "तुझ्या आजींना भेटून जाते." जिन्यात मी तीनदा बुटाची नाडी बांधली, पण त्या शांतपणे थांबून राहिल्या. दार आजोबांनीच उघडलं.

"या, या. मी हिचा आजोबा."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा शंभर उठाबशा परवडल्या असत्या. मी रडत रडत सगळं ओकले. आजोबा हसतील असं वाटलेलं. ते हसले नाहीत.

"कितव्या रांगेत?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"आमच्याच तुकडीत होता तो. आपल्या गावाच्या पलीकडच्या गावातला. नाव एकच, म्हणून पत्रांची कायम अदलाबदल. त्याच्या आईची मला यायची, तुझ्या आजीची त्याला." बाईंना आत घेत ते म्हणाले, "तारसुद्धा आधी आपल्याच घरी आली."

बाईंसाठी पाणी घेऊन आलेली आजी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"चार दिवस मी कुंकू लावलं नव्हतं," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी माणूस आला, म्हणाला, चूक झाली, तुमचा नाही, पलीकडच्या गावातला. मी अख्ख्या गावाला पेढे वाटले गं. आणि तो माणूस तीच तार घेऊन त्याच्या आईकडे गेला."

बाईंनी पुढे होऊन तिच्या हातातला ग्लास घेतला आणि तिला खुर्चीवर बसवलं.