बॅटरी हलवून पाहणारा

वलगावच्या पुढे, त्या साली न पेरलेल्या एका वावरात हौशी लोक रविवारी गाड्या पळवत. आत सोडण्याआधी गाडी तपासायचा तो. कुणी चहा पुढे केला तरी म्हणायचा, "आधी बॉनेट उघड." मग बॅटरी हलवायचा, सीटचा पट्टा हिसडायचा आणि खेकसायचा, "मराले आला काय बे?"

मी आठवीतून शाळा सोडून कोकणातून आलेला. शेठनी त्यांच्या गॅरेजात ठेवून घेतलं होतं. त्या रविवारी मी शेठच्या गाडीच्या स्टिअरिंगवर होतो; तिची बॅटरी टायरच्या जुन्या ट्यूबने बांधलेली. इकडे सगळं ट्यूबनेच बांधतात.

"ट्यूब ताणते. वळनावर बॅटरी उसळली का आगच!" तो ओरडला.

"चालवनारा हा गडी हाय," शेठ हसले. "मी थोडाच गाडीत बसून राहिलो?"

त्याच्या कपाळाची शीर टरारली. माझं दार उघडून तो म्हणाला, "उतर. शेठ, तुमी बसा. आता सोडतो गाडी."

शेठ चष्मा पुसू लागले.

तो माझ्यावर उखडला, "अन् तुले तोंड नाई काय बे?"

तोंड होतं, पण त्यात घास शेठचा होता. तरी मी उतरलो आणि किल्ली शेठच्या हातात ठेवली. मला राग आला होता, आणि तो राग मी त्या तपासणाऱ्याकडूनच उसना घेतला होता.