सातचा पाढा

अकरा वर्षं मी सात नंबर होते. इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात नावं चालत नाहीत. यंत्रांचा आवाजच एवढा, की नाव घेऊन हाक मारली तर ती पोचतच नाही. ‘सात!’ म्हटलं की मात्र ऐकू येतं. प्रत्येकाच्या एप्रनच्या खिशावर लाल दोऱ्यानं आकडा शिवलेला असतो. माणूस काम सोडून गेलं की एप्रन धुऊन पुढच्याला, आकड्यासकट. आम्ही त्या आकड्यांना नाती जोडून घेतली होती. दोनदादा, आठकाका, मी सातताई. आणि जिच्याबद्दल सांगायला बसले आहे ती चार. वयानं सगळ्यांत लहान, म्हणून नुसतीच चार.

नवऱ्याचं घर तिनं दोन वर्षांत सोडलं आणि भावाकडे येऊन राहिली. भावाकडे राहणं म्हणजे काय ते राहणारीलाच ठाऊक. स्वयंपाकघरात झोपायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं, आणि वहिनीचा चेहरा बघून पंखा लावायचा. बारावीला मार्क चांगले होते तिला. इस्पितळात वरच्या मजल्यावर रुग्ण मदत कक्ष आहे, तिथं काचेमागे खुर्चीवर बसून बायका काम करतात. चार त्यांच्याकडे येता-जाता बघत राहायची. तिथं लागायला पदवी हवी, कुठलीही चालेल, आणि वय पस्तिशीच्या आत. एकतीस पूर्ण झाली त्या महिन्यात तिनं ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. विषय समाजशास्त्र. तोच का, असं मी विचारलं तर म्हणाली, “त्यात गणित नाही.”

भावाला समजलं तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला म्हणे, “इस्पितळाच्या चादरी धुतेस तेवढं पुरे नाही का? आता समाज धुवायला निघालीस?” हे तिनं आम्हाला हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. विनोद चांगला होता, पण त्या दिवशी ती डबा न खाताच कामाला लागली.

तळघरात फोनला रेंज नाही. म्हणून ती सकाळी वर पायरीवर बसून दोन व्याख्यानं फोनमध्ये उतरवून घ्यायची आणि मग खाली यायची. टोपीखाली एका कानात इअरफोन, दुसरा कान मुकादमासाठी मोकळा. इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर सरकवायची आणि मधेच स्वतःशी मान हलवायची. मुकादमाला वाटायचं, बाई कामात रमलीय.

आणि खरंच रमली. गणित नाही म्हणून घेतलेला विषय तिच्या डोक्यात असा बसला की आमची सुटका नाही. दुपारच्या सुट्टीत ती आम्हाला आमच्याबद्दलच शिकवायची. “सातताई, तुम्ही मुकादमाला भीत नाही, त्याच्या खुर्चीला भीता. उद्या त्या खुर्चीवर आठकाका बसले तरी भ्याल.” आठकाका म्हणाले, “मग बसवून तर बघा!” एकदा दोनदादांना म्हणाली की तुम्ही रोज त्याच खिळ्याला डबा अडकवता, ही एक सामाजिक कृती आहे. दोनदादांनी दुसऱ्या दिवशी डबा मुद्दाम दुसऱ्या खिळ्याला अडकवला आणि दिवसभर शोधत बसले. चांगले दिवस होते ते, आता सांगताना जीभ कडू होते.

आता माझं. ती दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. पाच किलोच्या वर उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. यंत्रातून निघणारा ओल्या चादरींचा गोळा किती जड असतो ते ज्यानं ओढलाय त्याला विचारा. खाली नियम साधा होता. उचलता येत नसेल तर घरी बसा. माझा मोठा मुलगा बेकार, धाकटी शिकतेय, नवरा असून नसल्यासारखा. घरी बसून मी काय करणार होते? मी कोणाला काही बोलले नाही. पण पहिल्याच दिवशी मी यंत्राचं दार उघडून नुसती उभी राहिले, आणि ते चारनं पाहिलं.

त्यातून सातचा पाढा निघाला. माझं यंत्र थांबलं की आठकाका मुकादम कुठं आहे ते बघायचे आणि ओरडायचे, “पाढा म्हणा!” मग “सात दुणे चौदा” करत दोनदादा यायचे, “सात चोक अठ्ठावीस” करत चार यायची, आणि दोघं मिळून माझा गोळा ओढून गाड्यात टाकायचे. मी त्या बदल्यात त्यांच्या उशांच्या खोळींच्या घड्या घालायची. सगळं मिनिटभरात. बाहेरच्याला वाटावं, बायाबापड्यांची थट्टा चाललीय. दोन वर्षं आम्ही हा पाढा म्हटला, आणि मुकादमालाही कधी संशय आला नाही.

शेवटच्या वर्षाला तिला प्रकल्प लिहायचा होता. आपण जिथं वावरतो तिथलंच निरीक्षण करायचं आणि लिहायचं. तिनं मला विचारलं नाही असं नाही. खोळींच्या ढिगाआडून विचारलं, “सातताई, आपल्या धुलाईघरावर लिहू का? तुमचंही येईल त्यात.”

“लिही बाई,” मी म्हणाले. “पण नाव नको हं.”

“नाव नसतंच, ताई. तो नियमच आहे. माहिती देणाऱ्याचं नाव कुठंही येता कामा नये.”

तिनं तो नियम अगदी काटेकोर पाळला. साठ पानांत एकही नाव नाही. दोन नंबरचा कामगार, आठ नंबरचा कामगार, सात नंबरची कामगार स्त्री. आमची तोंडं ज्या शब्दांनी एकमेकांना हाका मारत होती तेच तिनं लिहिले. आकडा हेच आमचं नाव झालंय, हे त्या समाजशास्त्रवाल्या पोरीच्या ध्यानात आलं नाही. तिच्या काय, माझ्याही नाही.

पानं छापून टपालानं पाठवायची होती. चार धुलाईघर सांभाळणाऱ्या आमच्या साहेबांकडे गेली आणि ऑफिसचा प्रिंटर वापरू का म्हणून विचारलं. साहेब वाईट माणूस नाही. कौतुकानं म्हणाला, “छापा की. आमचीच मुलगी पदवीधर होतेय. एक प्रत मलाही द्या, वाचीन.” तीन वर्षांत तिचा अभ्यास वाचतो म्हणणारा तो पहिलाच माणूस. हिला आकाश ठेंगणं झालं. त्याच्या प्रतीला तिनं स्वतःच्या खर्चानं प्लास्टिकचं कव्हर घातलं.

सोमवारी मला वर बोलावलं. टेबलावर ते कव्हर घातलेलं पुस्तक होतं आणि मधल्या पानाला पेन्सिल लावलेली होती. साहेबाच्या मागे भिंतीवर फळा, फळ्यावर आमचे आकडे आणि आकड्यांसमोर यंत्रं. तो फळा त्यानंच लिहिलेला.

“तुमच्याबद्दल फार सुंदर लिहिलंय हो,” तो म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला. “वाचून गलबलून आलं. पण आता मला हे माहीत झालं ना. उद्या तुम्हाला काही झालं तर जबाबदार कोण?”

मी एप्रन तिथंच काढून ठेवला. घडी मात्र नीट घातली. दुसरं काही येतच नव्हतं मला. दोनदादांना आणि आठकाकांना ताकीद मिळाली. चारला काहीच झालं नाही, उलट शाबासकीच मिळाली.

डबा घेऊन मी तळघरातून निघाले तेव्हा चार जिन्यापर्यंत माझ्यामागे धावत आली. टोपी हातात, डोळे लाल. “सातताई, शप्पथ सांगते, मी तुमचं नाव कुठंच लिहिलं नाही!”

“नाव लिहिलं असतंस तर वाचले असते गं,” मी म्हणाले. “नावानं मला इथं कोण ओळखतं?”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी पायऱ्या चढत राहिले. राग इतका होता की पोटावरचा जुना व्रण ओढला गेला तरी थांबले नाही.

दीड महिन्यानं एका दुपारी ती माझ्या घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर बसली. माझा मुलगा तिला बघून बाहेर निघून गेला. तिनं पिशवीतून दोन कागद काढले. एकावर परीक्षकांचा शेरा होता. सातच्या पाढ्याचा भाग अत्यंत उत्कृष्ट, मात्र माहितीदारांची संमतीपत्रं जोडलेली नाहीत, ती पंधरा दिवसांत न आल्यास प्रकल्प बाद. दुसरा कागद होता संमतीपत्र. दोनदादा आणि आठकाकांनी सह्या दिल्या होत्या, तोंड फिरवून का होईना. माझी राहिली होती. प्रकल्प बाद म्हणजे आणखी एक वर्ष, आणि चार महिन्यांत तिला पस्तीस पूर्ण होणार होती.

“वाचून दाखव,” मी म्हणाले.

“ताई, नुसती सही—”

“वाच म्हटलं ना.”

तिनं वाचलं. “या अभ्यासात माहिती दिल्यामुळे मला कोणतीही हानी पोहोचणार नाही, हे मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आले आहे.” शेवटी शेवटी तिचा आवाज फुटला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

मग मी पेन मागितलं आणि सही केली. मोठं मन वगैरे काही नाही. त्या साठ पानांत मी बुडाले होते, आता तीही बुडाली तर त्यातून मिळवलं काय? आणि तिनं माझे ओले गोळे दोन वर्षं ओढले होते, हे काही मला विसरता येत नव्हतं. तारीख कोणती घालू, विचारलं. तिनं मान खाली घालून मागच्या वर्षाची, लिखाण सुरू होण्याआधीची सांगितली. मी घातली.

वर एक ओळ कोरी होती, माहितीदाराचं नाव. बाकी सगळं तिनं घरून भरून आणलं होतं, माझं वय, कामाची वर्षं, ऑपरेशनचा महिनासुद्धा. पेन परत घेऊन तिनं त्या ओळीवर टेकवलं आणि ती थांबली.

“ताई,” ती म्हणाली, “तुमचं नाव काय?”

मी सांगितलं. तिनं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. खाली संशोधकाच्या जागी तिचं नाव होतं. तेही मी त्या दिवशीच वाचलं. मग कागद पिशवीत घालून ती गेली.

तिला पदवी मिळाली आणि वरची खुर्चीही. हे मला आठकाकांकडून कळलं. तळघरात माझ्या एप्रनमध्ये आता एक धडधाकट मुलगी असते, तिलाही सगळे सातच म्हणतात.

मागच्या आठवड्यात पोटाच्या तपासणीसाठी मला इस्पितळात जावं लागलं. रुग्ण मदत कक्षापुढे रांग होती. माझी पाळी आली. काचेपलीकडे चार, छातीवर नावाची पट्टी, पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा.

“नाव?” तिनं विचारलं. मान फॉर्मवर.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तिनं लिहून घेतलं. तेच वळणदार अक्षर. लिहिताना हात जरा थांबल्यासारखा वाटला, पण मान काही वर आली नाही. ओळखलं नाही की ओळखून बघितलं नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काचेखालच्या फटीतून तिनं मला एक चिठ्ठी सरकवली.

“बसा,” ती म्हणाली. “नंबर आला की हाक मारतील.”