लोहचुंबकाला न सापडलेली तलवार

ती संध्याकाळ मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हा मी सुरतेत, पांडेसरा भागातील एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. नवरात्र सुरू होते. दुपारी एका कारखान्याच्या फाटकाशी तलवारहल्ला झाला होता. सायंकाळी फोनवर खबर आली, खाडीच्या पुलावरून एक इसम रक्ताळलेली तलवार घेऊन चालला आहे. आमची गाडी पोहोचली. हवालदार गरजला, "तलवार फेक!" त्या इसमाने ती तत्काळ कठड्यावरून अंधारलेल्या खाडीत फेकली.

इसम खान्देशचा, डाइंग मिलमध्ये रंग मिसळणारा. चौकशीत त्याचे एकच म्हणणे होते, "साहेब, ती फोमनी शे! मन्हा हातनी! देवीना सोंगसाठे." अष्टमीला त्यांच्या वस्तीत देवीचे सोंग निघे, तिच्या हातात द्यायची ती तलवार.

हवालदार गुजराती. तो हसला. "साहेब, बधा एवुं ज कहे! सगळे असेच सांगतात! काल दारू सापडली, तो म्हणे गोमूत्र आहे!"

त्या तलवारीखेरीज त्याच्याविरुद्ध आमच्याजवळ काहीही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अग्निशमन दलाचे जवान दोराला लोहचुंबक बांधून खाडीचा तळ ढवळत होते. निघाले ते गंजके पत्रे आणि एक सायकल. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायालयात हजर करणे भाग होते. ठाण्याच्या पायरीवर त्याची पत्नी आदल्या रात्रीपासून बसून होती; आतले सारे बोलणे तिला ऐकू येत होते. "साहेब, एकदा कोर्टात नेलं तर मिलवाला यांना दारात उभं करणार नाही," ती म्हणाली.

मी त्याला कोठडीतून बाहेर काढले. "दुसरी करून दाखव."

"फोम कुठून आणू, साहेब?"

माझ्या कपाटात संध्येचे आसन होते, जाड निळ्या फोमचे. ते पाहून त्याने हातच जोडले. मी म्हणालो, "देवीचेच काम आहे. काप."

त्याने खडूने आकृती काढली, कटर एका दमात ओढला आणि दोन्ही कडा तिरप्या तासल्या. मग शिपायांची गणवेशाची इस्त्री मागून ती फोमवरून हलकेच फिरवली. "छिद्रं बुजली पाहिजेत. नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो." गोंदाचा हात दिला, पंख्याखाली वाळवला. त्यावर काळा रंग आणि कोरड्या कुंचल्याने रुपेरी. धार उजळ, मुठीशी गंजाची तपकिरी छटा, टोकाला लाल. सारे ठाणे भोवती जमले होते. त्याने तलवार उगारताच हवालदार दोन पावले मागे सरला.

"आता का सरकले, हवालदारसाहेब? गोमूत्रच आहे ना?" पायरीवरून त्याची पत्नी म्हणाली.

मी ती तलवार घेतली आणि अंगणातील पाण्याच्या टाकीत टाकली. ती तरंगली! मी अक्षरशः धावत वायरलेसपाशी गेलो. "चुंबक वर घ्या! तळ सोडा, पाण्याचा वरचा थर पाहा!"

पुलाच्या पुढे, कचरा अडवणाऱ्या लोखंडी जाळीपाशी, निर्माल्याच्या झेंडूत ती अडकली होती. पंचाने ती दोन बोटांनी उचलली. पंचनामा झाला, मुदतीपूर्वी तो इसम घरी गेला आणि मोकळ्या झालेल्या आमच्या पथकाने दोन दिवसांत खरा हल्लेखोर पकडला.

पहिली तलवार मुद्देमालात जमा झाली होती. त्यामुळे अष्टमीला देवीच्या हाती माझ्या आसनाची तलवार तळपली. मी गर्दीत उभा राहून नमस्कार केला.

लहानपणी संस्कृत पाठशाळेत शिकलो होतो की माणसाचा शब्द हेही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे एक साधन, असते. वर्दीत मात्र मी आरोपीचा शब्द आधीच खोटा धरला आणि तो खोटा असता तर तलवार जिथे असती, तिथेच शोधत बसलो. ते आसन मी बदललेले नाही. रोज संध्येला बसताना तलवारीच्या आकाराच्या त्या फटीतून गार फरशी पायाला लागते, आणि आचमनापूर्वी तो माणूस आठवतो.