पहिल्या विंगेतलं स्टूल

रंगमंचाच्या कडेला उभी काळी कापडं टांगलेली असतात, त्यांना विंग म्हणतात. आमच्या नाट्यगृहातल्या पहिल्या विंगेला बोटाएवढं भोक होतं. पडदेवाले काका तिथं स्टुलावर बसायचे, भोकाला उजवा डोळा लावायचे, डावा घट्ट मिटायचे आणि डावा हात पाठीमागं नेऊन पंजा उघडा धरायचे.

"दम खा. माणसं बसू द्या."

मग तिसरी घंटा होऊन गेलेली असो, संयोजक घामाघूम होऊन खुणा करत असोत, तो पंजा मिटेपर्यंत पडदा हलायचा नाही.

तुम्ही-आम्ही नाटकाला जातो तेव्हा रंगमंचाकडं बघतो. काका आपल्याकडं बघायचे. कोण घरून भांडून आलंय, कोण फक्त एसीची हवा खायला आलंय, तिसऱ्या रांगेत कुणाला पहिल्या दहा मिनिटांत डुलकी लागणार, हे त्यांना माणसाच्या बसण्यावरून कळायचं. इतकी वर्षं पडदा ओढला, पण नाटक एकही धड पाहिलेलं नाही. विचारलं की म्हणायचे, "नाटक काय बघायचं ताई? ते रोज तेच असतंय. माणसं रोज नवी."

मला हा माणूस आवडत नव्हता. आधीच सांगून टाकते, कारण न आवडण्याचं कारण मी पुढं फार सभ्य शब्दांत लिहून दाराला चिकटवलं होतं, आणि ते खोटं होतं.

मी पत्रकांवर वाढले. इतरांच्या घरी दिवाळीत फराळाची गडबड असायची, आमच्या घरी पत्रकांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात या शहराला जागं करत होते. पाणी, हुंडा, शाळेची फी, झाडतोड, प्रत्येक अन्यायाला एक कागद. औरंगपुऱ्यातल्या छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे यायचे आणि मी, आई, माझी ताई, आम्ही जेवणं उरकून घड्या घालायचो. मुळाक्षरं मी छापखान्यातून तपासायला आलेल्या मुद्रितांवर शिकले. माझ्या पहिल्या निबंधावर अण्णांनी लाल पेन्सिलीनं सात खुणा केल्या होत्या. त्यानंतर मी जे जे लिहिलं ते ते त्यांच्या हातात दिलं आणि दर वेळी लाल खुणा परत आल्या. "छान" हा शब्द त्यांना येत नसावा असं मी समजून चालले होते.

म्हणून त्या मे महिन्यात, उन्हाळी नाट्यमहोत्सवात माझं पहिलं नाटक लागलं, तेव्हा मला बाकी काही नको होतं. अण्णांनी दुसऱ्या रांगेत बसून ते बघावं आणि एक शब्द बोलावा. एवढंच.

महोत्सवाचा तो रविवार म्हणजे घरादाराची सहलच असते. सकाळी मुलांचं नाटक, दुपारी एकपात्री, संध्याकाळी मोठं नाटक. बाहेर डांबर वितळतंय, घरी नळाला आठवडाभर पाणी नाही, मग लोक पोरंबाळं, डबे, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन दिवसभर हॉलमध्येच मुक्काम ठोकतात. आमची सगळी फौज रिक्षातून उतरली: आई, अण्णा, ताई आणि तिची चार वर्षांची मुलगी. आईच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं पन्हं, आणि ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक कांदा.

दुपारी मी तालमीच्या गडबडीतून जेवायला आले, तर डबा रिकामा.

"अगं, ते पडदेवाले सकाळपासून चहावर होते," आई म्हणाली. "छावणीतनं सायकलवर येतात म्हणे. त्यांना दिले."

"माझे?"

"तुला काय, तू घरचीच."

भाची आनंदात होती. काकांनी तिला घंटेला हात लावू दिला होता. ताई म्हणाली, "किती मायाळू माणूस आहे गं! तू कधी बोलली नाहीस." आणि अण्णा, जे लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, ते काकांशेजारी पायरीवर बसून हातवारे करत काहीतरी सांगत होते. मी जवळ गेल्यावर ते थांबले.

"काय चाललंय?"

"काही नाही," अण्णा म्हणाले.

मी पन्हं पिऊन परत गेले. कैरी फार आंबट होती.

संध्याकाळी नाटक सुरू झालं. एका गल्लीची गोष्ट, जिथं नळ आहे आणि पाणी नाही. मी हॉलच्या शेवटी दाराशी उभी होते. पहिला प्रवेश संपला, थोडा उजेड झाला आणि मला दुसऱ्या रांगेत आईशेजारची अण्णांची खुर्ची रिकामी दिसली. पाणी प्यायला गेले असतील. दुसरा प्रवेश गेला. खुर्ची रिकामीच. त्यानंतर मी माझं नाटक पाहिलंच नाही, खुर्ची पाहिली. लोक हसत होते, मध्येच चिडीचूप होत होते, आणि माझ्या डोक्यात एकच घण: त्यांच्यानं बसवलंसुद्धा नाही.

शेवट असा होता. गल्लीतली म्हातारी रिकामी घागर घेऊन पुढं येते, ती प्रेक्षकांसमोर ठेवते, आणि मग अर्धं पान बोलते. ते अर्धं पान हेच माझं नाटक होतं. त्यासाठी मी आधीचा दीड तास लिहिला होता. म्हातारीनं घागर ठेवली. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. तिनं तोंड उघडलं.

आणि पडदा पडला.

टाळ्या सुरू झाल्या. थांबेनात. मी रंगमंचामागं धावत गेले. पहिल्या विंगेत स्टुलावर काका नव्हते. स्टुलावर अण्णा होते. हातात पडद्याचा दोर, तळव्यावर लाल ओरखडा, आणि चेहऱ्यावर माझ्या भाचीसारखा आनंद. काका शेजारी उभे राहून म्हणत होते, "बगा, बराबर ओढला का नाय!"

"शेवटचं बोलणं राहिलं!" मी ओरडले. "अर्धं पान!"

"कोणतं ताई?" काकांनी खरंच विचारलं.

"तुम्ही संहिता वाचत नाही का? पडदा वाक्यावर पडतो!"

"आपला पडदा माणसांवर पडतोय. घागर ठेवली तवाच माणसं भरली व्हती. अजून वतलं असतं तर सांडलं असतं."

अण्णा उठले. दोर काकांच्या हातात दिला. माझ्याकडं बघून काही बोलणार होते, पण मीच म्हणाले, "तुम्ही नाटक बघितलं नाहीत." ते आईला शोधायला गेले.

"व्हय, नाटक नाय बघितलं त्यांनी," काका दोर गुंडाळत म्हणाले. "मीच म्हणलं, पोरीचं नाटक बघायचं तर हिकडून बघा. डोळा लावला तो काढलाच नाय. मला म्हणले, तीस वर्षं कागद वाटले, पण घेणाऱ्याचं तोंड कधी बघायला मिळालं नाय. पुढच्याला द्यायचा असायचा ना. आज बघितलं म्हणले."

कुणीही शहाण्या मुलीनं हे ऐकून रडायला हवं होतं. मला एकच ऐकू आलं: हे ते तुम्हाला बोलले. मला नाही.

पुढच्या आठवड्यात मी कागद घेतला. महोत्सवाच्या कामात मी पुढं होतेच, नियम करायला कुणाची ना नव्हती. 'रंगमंचाची शिस्त' या मथळ्याखाली सात कलमं. तिसरं: पडदा संहितेतल्या वाक्यावरच पडेल. चौथं: कलाकार व तंत्रज्ञ सोडून कुणीही, मग ते कुणाचेही नातेवाईक असोत, रंगमंचामागे थांबणार नाही. मी स्वतःला सांगितलं की हे वशिलेबाजीविरुद्ध आहे. माझ्यासारख्यांची हीच मोठी सोय असते. जळफळाटालासुद्धा आम्हाला तत्त्वाचे कपडे सापडतात, तेही मापाचे.

पुढचा उन्हाळा, पुढचा महोत्सव, माझं दुसरं नाटक. आईनं या वेळी दुप्पट धपाटे केले होते. मध्यंतरात अण्णा दोन धपाटे कागदात गुंडाळून मागं गेले आणि पाच मिनिटांत परत येऊन खुर्चीवर बसले. शेवटपर्यंत हलले नाहीत. हात गुडघ्यांवर, मान ताठ, सभेत बसतात तसे. मला हवं होतं ते सगळं माझ्यासमोर होतं.

पडदा वाक्यावर पडला. अगदी पूर्णविरामावर. तोवर मागच्या रांगा चपला शोधत होत्या.

रिक्षात मी विचारलं, "अण्णा, कसं वाटलं?"

"दुसऱ्या प्रवेशात दोन चुका आहेत." मग बाहेर बघत, "पडदेवाले मला आत घेईनात. म्हणाले, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर फाडून टाकलं असतं. तुमच्या पोरीनं लिहिलंय, पाळायचं."

मी रिकाम्या डब्याचं झाकण उगाच घट्ट लावत राहिले.

"तुझं पत्रक वाचलं मी. चौथ्या कलमात चूक आहे."

"कोणती?"

"व्याकरणाची नाही."

काकांना भेटून बोलायचं मी ठरवलं. महिनाभर ठरवतच राहिले. पावसाळ्यात नाट्यगृहात नवा पडदा आला, बटण दाबलं की मोटारीवर सरकणारा. काकांना आता काम नव्हतं. ते पैठणला लेकीकडं गेले. पैठण म्हणजे काय लांब आहे? एसटीत बसलं की दोन तासांच्या आत. मी प्रत्येक अन्यायावर त्याच दिवशी लिहिणारी मुलगी, मला तेवढे दोन तास सापडले नाहीत. दिवाळीनंतर अण्णा एका सकाळी पिशवी घेऊन निघाले आणि संध्याकाळी परत आले.

"पडदेवाले गेले," आईला म्हणाले.

तेव्हा कळलं की त्याआधीही अण्णा दोनदा पैठणला जाऊन आले होते. धपाटे घेऊन. आईला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं हे विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

या मे महिन्यात माझं तिसरं नाटक होतं. शेवटी भाषण नाही. मी सकाळी लवकर गेले. दारावर माझा कागद अजून होता, उन्हानं पिवळा, कोपरे वळलेले. त्याला चांगला गोंद लावला होता, सगळा निघाला नाही, चौथं कलम नखानं खरवडावं लागलं. आत पडदा नवा होता, पण काळी कापडं जुनीच. पहिल्या विंगेतलं भोक तिथंच होतं. स्टुलावर कुणीतरी रंगाचे डबे ठेवले होते, ते मी उतरवले, स्टूल पुसलं.

संध्याकाळी दुसऱ्या घंटेला मी दुसऱ्या रांगेत गेले आणि अण्णांचा हात धरला. "चला."

"नियम आहे."

"काढला."

ते स्टुलावर बसले. चष्मा कपाळावर सरकवला, उजवा डोळा भोकाला लावला, डावा मिटला. तिसरी घंटा झाली. बटणापाशी उभ्या असलेल्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मला राहवेना. मी वाकून विचारलं, "अण्णा, सुरू करायचं?"

त्यांनी वळूनही बघितलं नाही. फक्त डावा हात पाठीमागं आला आणि पंजा उघडला.

"दम खा," ते म्हणाले. "माणसं बसू दे."

मी त्या पंजाकडं बघत उभी राहिले. तळव्यावर ओरखड्याची खूण उरली नव्हती. जन्मभर त्यांचा हात मी ओळखत होते, तरी पंजा असा उघडणं त्यांनी काकांकडून घेतलं होतं, माझ्याकडून नाही. मला आजही काकांचा हेवा वाटतो.